चकमकीपासून मेणगोळीपर्यंत : चूल पेटविण्याच्या स्वस्त साधनांचा समवाय पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवी. कालावधी : चार तासिका)

आषाढ लागला, बांध्यांत पाणी साचले आणि रोवणीची घाई सुरू झाली की भंडारा जिल्ह्यातील खेड्यांत सरपण ओले होते व आगपेटी दमट होते. एक काडी फुरफुरून विझते, दुसरीचे गूल गळून पडते, तिसरी अर्ध्यात मोडते. पहाटेच रोवणीस निघावयाचे असलेल्या गृहिणीजवळ वेळ नसतो. मग हाताशी जे सापडेल ते चुलीत जाते : प्लास्टिकची पन्नी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, घरात असल्यास मातीचे तेल आणि कधी कधी मोटारसायकलच्या टाकीतून काढलेले पेट्रोल. चूल पेटते खरी. परंतु पन्नीचा धूर लेकरांच्या छातीत जातो, आणि पेट्रोलचा भडका कोणाचा पदर कोठे आहे हे पाहत नाही.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यापाड्यांत गॅसच्या शेगड्या पोहोचल्या आहेत. तरीही आंघोळीचे पाणी, जनावरांसाठी शिजवावयाचे आंबोण, शेतावरचा चहा, लग्नाकार्याचा स्वयंपाक यांसाठी चूल पेटतेच. जोवर ती पेटते तोवर ती कशी पेटवावी हा शिक्षणाचा विषय आहे.

या पाठाचे सार एका वाक्यात सांगता येते. मोठी आग ही लहान आगीपासून पायरी-पायरीने पेटवावयाची असते; जो मधली पायरी गाळतो त्याला तेल ओतावे लागते. ठिणगीने कापूस धरावा, कापसाने काडी, काडीने तुराटी आणि तुराटीने लाकूड. आपल्या पूर्वजांजवळ चकमकीची चंची होती. तिच्यात या पायऱ्यांपैकी पहिल्या दोन कायमच्या बांधून ठेवलेल्या असत. आगपेटी आली, चंची गेली, आणि तिच्याबरोबर या पायऱ्यांचे ज्ञानही पुष्कळ अंशी गेले. ते ज्ञान मुलांना पुन्हा द्यावे आणि टाकाऊ वस्तूंतून त्यास उपयोगी पडेल असे एक साधन शाळेत तयार करून दाखवावे, एवढाच या पाठाचा विस्तार आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेत, शिक्षण हे उत्पादक हस्तोद्योगाच्या आधारे व्हावे, हा विचार मांडला गेला. त्यातून निघालेली समवाय पद्धती पुढे अनेक शाळांतून मागे पडली. तथापि एक वस्तू हाती घेऊन तिच्याभोवती विज्ञान, गणित, भाषा व भूगोल गुंफण्याची ती रीत आजही तितकीच उपयोगी आहे. प्रस्तुत पाठ त्याच रीतीने योजिला असून त्यासाठी मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे गाव नमुन्यादाखल घेतले आहे. हे गाव कोशाच्या कापडाच्या विणकामासाठी ओळखले जाते, आणि विणकराच्या घरातील धाग्यांचे तुकडे या पाठात फार मोलाचे ठरतात.

१. पाठाचे हेतू

(अ) ज्वलनास इंधन, प्राणवायू आणि पुरेशी उष्णता या तिन्हींची आवश्यकता असते, हे विद्यार्थ्यांना प्रयोगाने पटवून देणे.

(आ) सुती, कोशाचा व कृत्रिम धागा जळताना कसा वेगवेगळा वागतो, हे दाखविणे.

(इ) मेण व लाकडाचा भुसा यांपासून चूल पेटविण्याची स्वस्त गोळी तयार करणे आणि ती कोरडी बाळगण्याची सोय करणे.

(ई) आग हे खेळणे नव्हे, ही जाणीव कृतीतून दृढ करणे.

२. साहित्य

मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे (सुमारे १०० ग्रॅम), सुताराच्या करवतीखालील कोरडा भुसा (सुमारे ४० ग्रॅम), कापूस, जुन्या सुती धोतराची चिंधी, कोशाचे व पॉलिएस्टरचे धागे, पळसाची पाने, पाण्याचे एक पातेले व त्यात बसणारा लहान डबा, चिमटा, कोरड्या वाळूची बादली, पाण्याची बादली, बांबूची पेरभर नळी, पांढरी गारगोटी आणि जुनी मोडकी कानस. भुसा प्लायवूडचा नसावा. त्यात डिंकासारखी रसायने असतात व त्यांचा धूर अपायकारक असतो.

३. विषयप्रवेश

विद्यार्थ्यांच्या घरच्या अनुभवापासून प्रारंभ करावा. प्रश्नोत्तरे पुढील धर्तीवर व्हावीत :

शिक्षक : मुलांनो, घरी सकाळी चूल कोण पेटविते?

विद्यार्थी : माय पेटविते, गुरुजी.

शिक्षक : काडी लावल्याबरोबर जाडे लाकूड पेटते काय?

विद्यार्थी : नाही जी. आधी तुराट्या लागतात.

शिक्षक : आणि तुराट्या ओल्या असल्या तर?

विद्यार्थी : मग माय पन्नी टाकते.

शिक्षक : पन्नी कशासाठी? लाकूडच का पेटत नाही?

या शेवटच्या प्रश्नाशी वर्ग थबकेल. तेथेच पाठास खरा आरंभ होतो. काडीची ज्योत काही क्षणच टिकते. तेवढ्या वेळात जाड्या लाकडाचा पृष्ठभाग पेट घेण्याइतका तापत नाही. लाकूड ओले असल्यास ज्योतीची उष्णता प्रथम पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. जो पदार्थ बारीक, कोरडा व मोकळा असतो तो थोड्या उष्णतेने पेटतो. जो जाड, ओला व घट्ट असतो त्याला अधिक उष्णता अधिक वेळ द्यावी लागते. म्हणून काडी आणि लाकूड यांच्यामध्ये काही मिनिटे टिकणारी लहानशी ज्योत हवी. पन्नी हे काम करते, पण विष मिसळून करते. तेच काम निर्विष रीतीने करणारी वस्तू आपण तयार करणार आहोत, असे सांगून हेतुकथन पूर्ण करावे.

४. चकमक : जुन्या काळचे खिशातील साधन

आगपेटी खेड्यांत सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी शेतकरी, गुराखी व वाटसरू चकमक बाळगीत. तिचे घटक तीन : पोलादाचा लहान तुकडा, कडा असलेली गारगोटी आणि ठिणगी झेलणारा कापूस. हे सर्व कातड्याच्या किंवा कापडाच्या चंचीत राहत असे. चिलीम शिलगावण्यापासून शेतावरची शेकोटी पेटविण्यापर्यंत तीच कामास येई.

चकमकीची ठिणगी दगडातून निघते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. गारगोटी ही पोलादाहून कठीण असते. कठिणतेच्या मोज़च्या मापश्रेणीत तिचा क्रमांक ७ आहे. तिच्या धारेवर पोलाद घासून आपटले की पोलादाचे अतिसूक्ष्म कण खरवडले जातात. घर्षणाने तापलेले हे कण हवेतील प्राणवायूशी संयोग पावून लालभडक होतात. जळते ते लोखंड. दगड केवळ खरवडतो. म्हणून चकमकीस कर्बयुक्त कठीण पोलाद लागते. जुनी कानस यासाठी उत्तम. न गंजणाऱ्या पोलादाचा चमचा मात्र व्यर्थ होय. गारगोटी शोधण्यास दूर जावयास नको. वैनगंगेच्या पात्रातील गोट्यांत पांढऱ्या गारा विपुल आढळतात. त्यांपैकी एखादी फोडून धारदार कड मिळवावी. ते काम शिक्षकाने एकट्याने, डोळ्यांना संरक्षण घेऊन व वर्गाबाहेर करावे.

ठिणगीचे आयुष्य क्षणाचे. ती झेलणारा पदार्थ अत्यंत हलका व कोरडा हवा. काटेसावरीच्या बोंडातील रेशमासारखा कापूस याकरिता नावाजलेला आहे. दुसरा उपाय म्हणजे सुती चिंधीचा कोळसा. झाकणास खिळ्याएवढे छिद्र असलेल्या पत्र्याच्या डबीत सुती चिंध्या घालून ती निखाऱ्यावर ठेवावी. छिद्रातून धूर येऊ लागतो. धूर थांबला की डबी उतरवावी आणि पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये. गरम असताना उघडल्यास हवा आत शिरून चिंधी तेथल्या तेथे धगधगून राख होते. डबीत हवा नव्हती म्हणून चिंधी जळली नाही, केवळ काळी पडली. प्राणवायूवाचून ज्वलन नाही, याचे याहून सोपे प्रत्यंतर शोधूनही सापडणार नाही.

गारगोटीच्या कडेवर ही काळी चिंधी अंगठ्याने धरून कानशीने खाली झटका द्यावा. एखादी ठिणगी चिंधीवर पडून तांबूस ठिपका उमटतो व तो हळूहळू पसरतो. तो नारळाच्या मोकळ्या केलेल्या काथ्याच्या घरट्यात ठेवून फुंकर घातली की प्रथम दाट धूर आणि मग ज्योत दिसते. हा प्रयोग पहिल्याच प्रयत्नात साधेल असे नाही. शिक्षकाने घरी सराव करून मगच वर्गात दाखवावा.

येथे दोन पूरक गोष्टी सांगाव्यात. यज्ञासाठी अरणीमंथनाने, म्हणजे लाकडावर लाकूड घुसळून अग्नी उत्पन्न करण्याची रीत याहूनही प्राचीन आहे. तेथेही घर्षणाची उष्णता आणि बारीक कोरडा भुसा हीच जोडी काम करते. उलट, आजच्या खिशातील लायटरमधला ‘दगड’ हा दगड नसून सीरियम, लोखंड इत्यादी धातूंचे मिश्रण होय. ते ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली सिद्ध केले. तेथे चाक कठीण व ‘दगड’ मऊ असतो. म्हणजे चकमकीतील भूमिकांची अदलाबदल झाली, तत्त्व तेच राहिले.

५. आगपेटी : काडी एकीकडे, गूल दुसरीकडे

घर्षणाने पेटणारी काडी इंग्लंडमधील जॉन वॉकर यांनी १८२७ मध्ये विक्रीस आणली. पुढे पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या निघाल्या; त्या कोठेही घासल्या तरी पेटत, आणि त्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या जबड्याची हाडे सडत. १८४४ मध्ये स्वीडनमधील गुस्ताफ एरिक पाश यांनी तांबडा फॉस्फरस काडीऐवजी पेटीच्या बाजूस लावण्याची युक्ती काढली. सुरक्षित आगपेटी ती हीच. आपल्या देशात शिवकाशी येथील आगपेटीचा धंदा १९२३ पासून वाढला, आणि त्याच साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा कारखाना महाराष्ट्रात अंबरनाथ येथे उभा राहिला. ज्या काटेसावरीचा कापूस चकमकीची ठिणगी झेलतो तिचेच हलके लाकूड आगकाड्यांसाठीही वापरले गेले, हा योगायोग मुलांच्या ध्यानात आणून द्यावा.

या माहितीचा व्यावहारिक उपयोग असा : सुरक्षित आगपेटीची काडी दगडावर पेटत नाही. काड्या कोरड्या राहिल्या पण पेटीची बाजू भिजली, तर सर्व व्यर्थ. म्हणून काड्यांइतकीच ती पट्टीही जपावी लागते.

६. चिंध्यांची परीक्षा

हा या पाठाचा सर्वांत बोधप्रद भाग आहे, आणि आंधळगावसारख्या विणकरांच्या गावी त्याचे साहित्य दाराशी मिळते. सुती, कोशाचा व पॉलिएस्टरचा असे वीतभर लांबीचे तीन धागे घ्यावेत. वाळू पसरलेल्या थाळीवर प्रत्येक धागा चिमट्यात धरून शिक्षकाने मेणबत्तीच्या ज्योतीस लावावा. विद्यार्थ्यांनी चार हातांवरून पाहावे, वास घ्यावा व निरीक्षणे वहीत लिहावीत.

सुती धागा चटकन पेट घेतो. ज्योत दूर केली तरी जळत राहतो, विझल्यावरही त्याच्या टोकास निखारा धुमसतो, कागद जळल्यासारखा वास येतो व मऊ करडी राख उरते.

कोशाचा धागा आक्रसतो, कष्टाने जळतो आणि ज्योत दूर केली की बहुधा विझून जातो. केस जळल्यासारखा वास येतो. उरलेला काळा मणी बोटांनी चुरडता येतो. याचे कारण असे की कापूस ही वनस्पतीची वस्तू आहे, तर कोसा ही ऐन व अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या अळीने विणलेली प्राणिज वस्तू आहे. केस, लोकर व कोसा ही एका जातीच्या द्रव्यांची, म्हणजे प्रथिनांची घडण होय.

पॉलिएस्टरचा धागा प्रथम वितळतो, ठिबकतो, काळा धूर सोडतो आणि त्याचा कठीण मणी बनतो. तो फुटत नाही. हा वितळलेला थेंब पाण्याच्या बादलीत टाकून मुलांना दाखवावा आणि विचारावे : हाच थेंब अंगावर पडला तर?

यातून दोन निष्कर्ष फळ्यावर लिहावेत. पहिला : चूल पेटविण्याच्या गोळीसाठी सुती चिंधी किंवा कापूसच वापरावा, कोशाचे तुकडे ठिणगी धरीत नाहीत आणि कृत्रिम चिंधी विषारी धूर करते. दुसरा, आणि अधिक महत्त्वाचा : चुलीजवळ काम करताना सुती वस्त्र घालावे. सुती वस्त्रही पेट घेते. परंतु कृत्रिम धाग्याचे वस्त्र पेटल्यास ते वितळून कातडीस चिकटते व जखम खोल करते. हा दुसरा निष्कर्ष मुलांनी घरी जाऊन आईस व आजीस सांगावा, असा गृहपाठ अवश्य द्यावा. पाठातील इतर सर्व काही विसरले गेले आणि एवढेच लक्षात राहिले, तरी तासिका सार्थकी लागल्या असे समजावे.

७. मेणगोळी तयार करण्याची कृती

मेण वितळविण्याचे काम केवळ शिक्षकाने करावे. पातेल्यात पाणी तापवून त्यात मेणाचा डबा ठेवावा. डबा थेट जाळावर कदापि ठेवू नये. मेणबत्तीचे मेण सुमारे ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि उकळते पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही. त्यामुळे पाण्यातील डब्याचे मेण पेट घेण्याइतके तापू शकत नाही. थेट जाळावरील मेण मात्र तापत जाऊन भडकते. अशा पेटलेल्या मेणावर पाणी टाकल्यास जळते मेण चौफेर उडते. त्यावर झाकण घालावे किंवा कोरडी वाळू टाकावी.

मेण वितळले की डबा खाली उतरवून त्यात भुसा थोडा थोडा मिसळावा. मिश्रण ओल्या शेणाइतके घट्ट झाले म्हणजे ते पळसाच्या पानावर अंगठ्याएवढ्या जाडीत थापावे. कोमट असतानाच त्याचे सुरीने वीस तुकडे पाडावेत. प्रत्येक तुकड्यात कापसाची वात अशी खोचावी की तिचे टोक बोटाच्या पेराएवढे बाहेर राहील. मग विद्यार्थ्यांनी तुकडे हातावर वळून सुपारीएवढ्या गोळ्या कराव्यात व सावलीत थंड होऊ द्याव्यात.

भुशाऐवजी धानाचे तूस चालेल काय, असा प्रश्न आपल्या जिल्ह्यात हमखास येईल. तूस दारोदार मिळते हे खरे. परंतु त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राखच असतो व ती राख मुख्यत्वे सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीची असते. त्यामुळे तुसाची गोळी ज्योतीने जळण्याऐवजी धुमसत राहते. दोन्ही प्रकारच्या गोळ्या करून विद्यार्थ्यांनाच निवाडा करू द्यावा. शिक्षकाने सांगितलेल्यापेक्षा स्वतः पाहिलेले अधिक टिकते.

कसोटी पुढीलप्रमाणे घ्यावी. एक मेणगोळी, एक साधा कापसाचा बोळा व दोन आगकाड्या तासभर पाण्यात ठेवाव्यात. नंतर बाहेर काढून पुसाव्यात व पेटविण्याचा प्रयत्न करावा. बोळा व काड्या निरुपयोगी झालेल्या आढळतील. मेणगोळी मात्र, वात पिळून पुसल्यावर, कोरड्या काडीने पेट घेते, कारण मेण पाण्यास आत शिरू देत नाही. वातही मेणात बुडवून घेतली असल्यास काम अधिक सुलभ होते. गोळी किती मिनिटे जळते हे घड्याळ लावून मोजावे व तिन्ही प्रकारच्या गोळ्यांची तुलना तक्त्यात मांडावी : भुशाची, तुसाची आणि केवळ मेणात भिजवून गुंडाळलेल्या सुती चिंधीची.

चूल मांडण्याची रीतही कृतीने दाखवावी. तळाशी कोरडी राख, तिच्यावर मेणगोळी, गोळीभोवती बांबूच्या बारीक ढलप्या उभ्या-आडव्या, त्यांवर तुराट्या किंवा पराट्या आणि सर्वांवर दोन लाकडे अशी रचना असावी. मध्ये हवेला वाट ठेवावी. गच्च भरलेली चूल पेटत नाही, धुमसते. मग फुंकणी फुंकून डोळे लाल होतात.

८. बाळगण्याची नळी

शेतावर, रानात किंवा प्रवासात नेण्यासाठी बांबूची एका बाजूस पेर असलेली नळी घ्यावी. बुरडाच्या घरी असे तुकडे सहज मिळतात. आत दहा-बारा काड्या, तीन मेणगोळ्या व चार कोरड्या ढलप्या ठेवाव्यात. शिक्षकाने काड्यांची गुले पाण्यातील डब्यात वितळलेल्या मेणात क्षणभर बुडवून काढल्यास ती दमट होत नाहीत; पेटविताना नखाने मेण खरवडावे लागते एवढेच. आगपेटीची पट्टी कापून, मेणकागदात गुंडाळून नळीच्या बाहेरून दोऱ्याने बांधावी. गुले व पट्टी एकत्र कोंडू नयेत. हालचालीत ती एकमेकांवर घासली जाण्याचा संभव असतो. तोंडास लाकडाचा दट्ट्या बसवून त्यावर मेणाचा हात फिरवावा.

जुन्या चकमकीच्या चंचीचेच हे नवे रूप होय. मात्र ही नळी वडील माणसांच्या कनवटीस किंवा पिशवीत शोभते. विद्यार्थ्याच्या दप्तरात नव्हे. शाळेत तयार झालेल्या नळ्या व गोळ्या पालकांच्या सभेत पालकांच्याच हाती द्याव्यात, मुलांबरोबर घरी पाठवू नयेत.

९. सावधगिरी

(अ) जागा : प्रयोग उघड्या मैदानात, वारा नसताना, छपरापासून व तणसाच्या ढिगापासून दूर करावेत. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघराच्या छपरास लागलेली आग वर्गांवरील गवती छपरास पोहोचली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. चूल आणि वाळलेले छप्पर यांची जवळीक किती महाग पडते, हे त्या दिवशी देशाने पाहिले. शाळेत पोषण आहार शिजत असेल तेथे वाळूची बादली भरलेली आहे काय आणि वर्गातून बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे काय, याची पाहणी विद्यार्थ्यांकडूनच या पाठाच्या निमित्ताने करवून घ्यावी.

(आ) इंधन : पेट्रोलची वाफ साध्या हवेच्या उष्णतेतही तयार होते व जमिनीलगत पसरते, ज्योत लांब असली तरी ती वाफ तेथवर पोहोचते. मातीचे तेल तुलनेने मंद. परंतु गरम चुलीत किंवा धुमसत्या लाकडावर ओतले की त्याचीही वाफ होऊन भडका उठतो. यास्तव पेटत्या किंवा धुमसत्या चुलीत कोणतेही तेल ओतू नये, हा नियम विद्यार्थ्यांच्या तोंडी बसवावा.

(इ) अंगावर आग आल्यास : पळू नये, पळण्याने वारा लागून आग वाढते. जागीच थांबावे, जमिनीवर आडवे पडावे व लोळावे. दुसऱ्याने जाड सुती गोधडी किंवा घोंगडी पांघरून हवा तोडावी. भाजलेल्या भागावर सुमारे वीस मिनिटे स्वच्छ थंड पाणी वाहते ठेवावे. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट अथवा शाई लावू नये. चिकटलेले कापड ओढून काढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

(ई) रान : मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविण्याची चाल आपल्या भागात आहे, त्यातून वणवे लागतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनात आग लावणे अथवा जळती आग सोडून जाणे हा गुन्हा आहे. आग पेटविण्याचे साधन जवळ बाळगणाऱ्याने ती विझविण्याचे उत्तरदायित्वही बाळगावे. रानातील आग पाणी ओतून, राख चाळवून, हात जवळ नेल्यावर धग लागत नाही अशी खात्री होईपर्यंत विझवावी. वणवा दिसल्यास वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

१०. इतर विषयांशी समवाय

गणित : १०० ग्रॅम मेण व ४० ग्रॅम भुसा यांपासून २० गोळ्या होतात, तर एका गोळीचे वजन किती? (७ ग्रॅम.) मेणबत्तीची दुकानातील किंमत विचारून एका गोळीचा खर्च काढावा. आगपेटीची किंमत १ डिसेंबर २०२१ पासून एक रुपयाची दोन रुपये झाली. ही वाढ शेकडा किती? पावसाळ्याच्या एका आठवड्यात घरी वाया गेलेल्या काड्या मोजून त्यांची किंमत काढावी.

भाषा : आगीशी संबंधित वाक्प्रचार व म्हणी जमवाव्यात. ‘चकमक उडणे’, ‘ठिणगी पडणे’, ‘आगीत तेल ओतणे’ या प्रयोगांचा मूळ अर्थ मुलांनी आता डोळ्यांनी पाहिलेला असेल. तेव्हा लाक्षणिक अर्थ सहज उमगतो. घरातील आजोबा-आजींस चकमकीविषयी विचारून दहा ओळी लिहाव्यात. चंची, गारगोटी, कापूस यांस त्यांच्या बोलीत कोणते शब्द होते, ते जसेच्या तसे टिपून घ्यावेत. हे शब्द ज्यांना ठाऊक आहेत अशी माणसे विरळ होत चालली आहेत.

भूगोल व परिसर : गावाच्या शिवारात गारगोटी, काटेसावर, पळस, बांबू, ऐन व अर्जुन कोठे आढळतात, ते गावाच्या नकाशात दाखवावे.

११. फलकलेखन

इंधन + प्राणवायू + उष्णता = ज्वलन.
ठिणगी → कापूस → ढलपी → तुराटी → लाकूड.
चुलीपाशी सुती वस्त्र. चुलीत पन्नी नाही, पेट्रोल नाही.

१२. स्वाध्याय

(१) चकमकीची ठिणगी दगडाची की पोलादाची? कारण द्या.

(२) बंद डबीतील चिंधी काळी पडते पण जळून राख होत नाही, असे का?

(३) मेण थेट जाळावर का वितळवू नये?

(४) सुती, कोशाचा व पॉलिएस्टरचा धागा ओळखण्याच्या खुणा लिहा.

(५) घरातील चूल कोण, कशाने व किती काड्यांत पेटविते, याची आठ दिवस नोंद ठेवा. मेणगोळी वापरल्यानंतरच्या आठ दिवसांची नोंद तिच्याशेजारी मांडा.

पाचव्या स्वाध्यायाच्या वह्या शिक्षकाने काळजीपूर्वक वाचाव्यात. त्यांतून कोणत्या घरी पन्नी जळते, कोणत्या घरी पेट्रोल चुलीपर्यंत येते आणि कोठे लहान मुलीवरच चूल पेटविण्याचे काम पडते, हे कळून येईल. अशा घरी वर्गातील कोणाचेही नाव न घेता पालकांशी दोन शब्द बोलावे. पाठ वहीत पूर्ण झाला तरी त्याचा उपयोग चुलीपाशी व्हावयाचा आहे, आणि तेथवर तो पोहोचविणे हेही शिक्षकाचेच काम होय.